डोकं दुखतंय, मग डिप्रेशनची गोळी कशाला?

डॉक्टर, नमस्कार.

मी ३८ वर्षांची आहे. मार्केट यार्डात गुळाच्या एका अडत दुकानात हिशेबाचं काम बघते. अर्धशिशी कॉलेजात असल्यापासून आहे, पण गेली दोन वर्षं फार वाढलीय. महिन्यातले आठ-नऊ दिवस त्यात जातात. डावी बाजू ठणकते, उलटी होते, ट्यूबलाइटसुद्धा सहन होत नाही. मेडिकलमधून आणलेल्या गोळीवर भागवत होते. ती आता महिन्यातले दहा-बारा दिवस लागते. शेवटी मेंदूच्या डॉक्टरांकडे गेले. मला पावसाळ्यात दम्याचा पंप लागतो, मागे मुतखडाही झाला होता, ते सगळं त्यांनी लिहून घेतलं आणि रात्री घ्यायला अमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅम दिली. दीड महिन्यानं यायला सांगितलंय.

गोळी देताना मेडिकलवाला म्हणाला, "वहिनी, ही डिप्रेशनची आहे, माहीत आहे ना?" घरी मिस्टरांनी मोबाइलवर बघितलं तर तेच. ते म्हणाले, "तुला कसलं डिप्रेशन? घरात काय कमी आहे?" सासूबाईंच्या मते वेड्यांची गोळी घरात नको. तरी चार रात्री घेतली. तोंडाला कोरड पडली, सकाळी डोळे उघडेनात, मुलाची शाळेची रिक्षा चुकली. मग सोडून दिली.

डॉक्टरांनी मला मनाची पेशंट ठरवलंय का? या गोळीची सवय लागते का? वजन वाढतं का? माझ्या जाऊबाई डिप्रेशनसाठी एस्सिटालोप्राम घेतात, त्यांना काहीच त्रास होत नाही. दोन्ही गोळ्या डिप्रेशनच्याच आहेत, तर मी तीच घेतली तर चालेल का? आणि मिसळ, तांबडा रस्सा बंद कर म्हणून सगळे मागे लागलेत, तेही सांगा.

एक वाचक, कोल्हापूर

ताई,

सगळ्यात आधी जाऊबाईंची गोळी त्यांच्या डब्यात परत ठेवा. चुकून एखादी घेतली असेल तर घाबरू नका, पण पुढची घेऊ नका. डिप्रेशनची औषधं म्हणून ज्यांना आपण एका रांगेत बसवतो, ती आतून एकमेकांसारखी नसतात. एस्सिटालोप्राम मुख्यतः सेरोटोनिन या एकाच रसायनावर काम करते. त्या गटातल्या गोळ्या अर्धशिशीसाठी वापरून बघितल्या गेल्या आहेत आणि भरवशाचा फायदा दिसलेला नाही. अमिट्रिप्टिलिन जुन्या गटातली. ती सेरोटोनिनबरोबर नॉरअॅड्रेनालिनवरही काम करते, शिवाय वेदना वाहून नेणाऱ्या नसांची उत्तेजना कमी करते, झोप आणते. तुमच्या तोंडाला कोरड पडली ती याच पसरट स्वभावामुळे, आणि डोकं थांबण्याची आशा आहे तीही त्याच स्वभावामुळे. जाऊबाईंना त्रास होत नाही हे चांगलंच आहे, पण त्यांच्या गोळीनं तुमचं डोकं थांबणार नाही. दोन्ही मिळून घ्यायचा विचारही मनात आणू नका. दोन्हींचा परिणाम सेरोटोनिनवर आणि हृदयाच्या ठोक्यांवर होतो, त्यामुळे त्या एकत्र द्यायच्या की नाही हे डॉक्टरांनीच ठरवायचं असतं.

आता तुमचा खरा प्रश्न. डॉक्टरांनी तुम्हाला मनाची पेशंट ठरवलं का? नाही. याचा पुरावा चिठ्ठीवरच आहे, तो म्हणजे १० हा आकडा. डिप्रेशनसाठी हेच औषध द्यायचं झालं तर मात्रा साधारण ७५ ते १५० मिलिग्रॅमपर्यंत न्यावी लागते. दहा मिलिग्रॅमनं डिप्रेशन बरं करायला कुठलाही मानसोपचारतज्ज्ञ निघणार नाही. अर्धशिशीसाठी मात्र १० पासूनच सुरुवात करतात, हळूहळू २५ वर नेतात, गरज पडली तर ५० किंवा ७५ पर्यंत. कितीतरी जणींचं २५ वरच भागतं.

हे औषध अमेरिकेत १९६१ साली डिप्रेशनसाठी मंजूर झालं, म्हणून ती ओळख त्याला चिकटली. पण थोड्याच वर्षांत डोकेदुखीच्या पेशंटवर त्याचा उपयोग दिसू लागला. तेव्हा डॉक्टरांनाही हीच शंका आली, जी तुमच्या मिस्टरांना आलीय. मन सुधारतं म्हणून डोकं थांबतं की डोक्यावर औषधाचा वेगळाच परिणाम आहे? १९७९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हे मुद्दाम तपासलं गेलं. ज्यांना डिप्रेशन नव्हतं त्यांचीही अर्धशिशी कमी झाली. पुढे २०१२ साली अमेरिकेतल्या मेंदूरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं अर्धशिशी रोखणाऱ्या औषधांची प्रतवारी लावली, तेव्हा अमिट्रिप्टिलिनला 'बहुधा परिणामकारक' या वर्गात जागा मिळाली. म्हणजे अगदी पहिल्या रांगेत नाही, दुसऱ्या. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण गोळीची भीती घालवण्यासाठी तिची खोटी स्तुती करायची मला गरज वाटत नाही.

मग पहिल्या रांगेतलं का दिलं नाही, असं तुम्ही विचाराल. तुमच्याच पत्रात त्याचं उत्तर आहे. पहिल्या रांगेत प्रोप्रॅनोलॉल आहे. ते मुळात ब्लडप्रेशर आणि हृदयासाठीचं औषध, अर्धशिशीवर उत्तम चालतं, पण दम्याच्या माणसाला ते देत नाहीत, श्वासनलिका आवळू शकतात. तुमचा पावसाळ्यातला पंप तिथे आडवा आला. दुसरं टोपिरामेट, फिट्सचं औषध. त्यानं वजन उलट कमी होतं म्हणून अनेकींना हवं असतं, पण मुतखडा होऊ शकतो आणि तुम्हाला तो होऊन गेलाय. तिसरं व्हॅल्प्रोएट, तेही फिट्सचंच. मूल होऊ शकण्याच्या वयातल्या बाईला ते शक्यतो द्यायचं नाही, कारण गर्भात गंभीर दोष निर्माण होण्याचा धोका असतो. आपल्याकडे फ्लुनारिझिनही भरपूर लिहिलं जातं. त्यानं भूक आणि वजन वाढतं, आणि गंमत बघा, काहींना त्यानंच उदास वाटायला लागतं. अलीकडे महिन्याला एक टोचायची नवी इंजेक्शनं आलीत, खास अर्धशिशीसाठीच तयार केलेली, २०१८ पासून जगात वापरात आहेत, पण खर्च महिन्याला हजारांत जातो. अमिट्रिप्टिलिन त्या मानानं अगदी स्वस्त पडते.

दमा आणि मुतखडा लिहून घेणाऱ्या त्या डॉक्टरांनी ही सगळी गाळणी मनातल्या मनात केली असणार. माझी तक्रार एवढीच की ती तोंडानंही सांगायला हवी होती. "ही गोळी डिप्रेशनसाठी निघाली, तुम्हाला ती डोक्यासाठी आणि फार कमी मात्रेत देतोय" हे वाक्य बोलायला किती वेळ लागतो? ते बोललं गेलं नाही की मग मेडिकलचा काउंटर आणि मोबाइल मिळून पेशंटला समजावतात, आणि गोळी चौथ्या रात्री कपाटात जाते. आमच्या धंद्यात हे रोज होतं. ओपीडी भरलेली असते हे खरं, पण तेवढ्यानं ते क्षम्य होत नाही.

आता ही गोळी नेमकं करते काय, ते सांगते. ती दुखणं थांबवणारी गोळी नाही. डोकं उठल्यावर ती घेऊन काही उपयोग नाही. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फुटांवर गेलं की इशारा आणि ४३ ला धोका, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ आहे. अर्धशिशीच्या माणसाच्या मेंदूत ही धोक्याची खूण जन्मतःच खाली मारलेली असते. एक जेवण चुकलं, थोडं पाणी चढलं. जागरण झालं, आणखी चढलं. ऊन, पाळीचे दिवस, घरातली एखादी वादावादी, सगळे ओढे एकाच नदीला मिळतात, आणि दुसऱ्यांना जिथे काहीच होत नाही तिथे तुमचं पात्राबाहेर जातं. रोज घ्यायची गोळी पाऊस थांबवत नाही, खूण वर सरकवते.

शास्त्राच्या भाषेत सांगायचं तर अर्धशिशीच्या झटक्यात मेंदूच्या पृष्ठभागावरून मिनिटाला साधारण ३ ते ५ मिलिमीटर वेगानं एक विद्युत लाट सरकते, असं मानलं जातं. काहींना आधी डोळ्यांसमोर चमकत्या नागमोडी रेषा दिसतात त्या या लाटेमुळे. चेहऱ्याच्या मोठ्या नसेची टोकं मेंदूच्या आवरणाभोवती असतात, ती चेतवली जातात आणि ठणका सुरू होतो. २००६ साली उंदरांवरचे काही प्रयोग प्रसिद्ध झाले. त्यांत प्रोप्रॅनोलॉल, टोपिरामेट, व्हॅल्प्रोएट आणि अमिट्रिप्टिलिन या एकमेकांशी काडीचंही नातं नसलेल्या औषधांनी ही लाट उठण्याचं प्रमाण कमी केलं. पण एका डोसनं नाही, आठवडेच्या आठवडे रोज दिल्यावर. ब्लडप्रेशरचं, फिट्सचं आणि डिप्रेशनचं औषध एकाच रोगावर का चालतं, याचं थोडं उत्तर त्यात मिळतं. आणि चार रात्रींत निकाल का लागत नाही, याचंही. प्रोप्रॅनोलॉल घेणाऱ्या अर्धशिशीच्या पेशंटला कुणी "तुला ब्लडप्रेशर झालंय" म्हणत नाही, मग इथेच एवढी कुजबुज का, हा प्रश्न तुमच्या मेडिकलवाल्याला विचारण्यासारखा आहे.

तुमच्या चार रात्रींबद्दल. कोरड आणि सकाळची गुंगी हे या गोळीचे सगळ्यात ठरलेले त्रास आहेत, आणि बहुतेकींमध्ये ते पहिल्या एक-दोन आठवड्यांत बरेच कमी होतात. तुम्ही नेमक्या सर्वांत वाईट दिवसांत थांबलात. आता परत सुरू करण्याआधी डॉक्टरांना फोन करा, चार दिवसांनी सोडली हे सरळ सांगा, ते रागावणार नाहीत आणि रागावले तरी एकदाच. झोपायच्या अगदी आधी घेत होतात का? तसं असेल तर संध्याकाळी साडेसात-आठला घेऊन बघू का, असं त्यांना विचारा. गुंगीचा जोर रात्रीतच ओसरतो आणि सकाळची रिक्षा सापडते. काही जणींना सुरुवातीला निम्मी गोळीही देतात. शनिवारी रात्री सुरू केली तर रविवार सकाळ सांभाळून घेता येते. पहिले काही दिवस सकाळी मोपेड चालवू नका. दाभोळकर कॉर्नरला पेंगत गाडी चालवणं परवडणारं नाही. सर्दीची गोळी, ॲलर्जीची गोळी यांनी गुंगी दुप्पट होते, दारूनंही.

कोरडीसाठी घोट-घोट पाणी प्या, पण चॉकलेट किंवा खडीसाखर चघळत बसू नका, लाळ कमी असताना दात किडतात. बद्धकोष्ठ होईल, तेव्हा भाकरी, पालेभाजी आणि पाणी यांचं प्रमाण वाढवा. लघवी अडल्यासारखी वाटली, डोळे दुखून अंधुक दिसायला लागलं, छातीत धडधड झाली तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना कळवा. काचबिंदूचा एक विशिष्ट प्रकार, हृदयाच्या ठोक्यांचा दोष, नुकताच येऊन गेलेला हार्ट अटॅक, फिट्स, कधी तरी आलेला उन्मादाचा झटका, यातलं काही असेल आणि डॉक्टरांना सांगायचं राहिलं असेल तर आधी सांगा. चाळिशीच्या आसपासच्या पेशंटचा एक ईसीजी आधी काढून घ्यावा असं माझं मत, स्वस्तातली तपासणी आहे. दिवस राहण्याचा विचार असेल तर तोही सांगा. दुसऱ्या कशासाठी ट्रॅमाडॉल असलेली दुखण्याची गोळी कुणी दिली तर दोन्ही एकत्र घेण्याआधी विचारा.

एक गोष्ट मात्र भीती घालण्यासाठीच सांगतेय. ही गोळी रोजच्या मात्रेत सहसा सुरक्षित असली तरी एकदम खूप गेली तर हृदयावर घाला घालते. मूल लहान आहे. पट्टी देव्हाऱ्याच्या खणात किंवा फ्रिजवर नको, कुलपात ठेवा.

वजनाचं विचारलंत. हो, वाढू शकतं. सगळ्यांचं नाही, पण अनेकींचं. भूक वाढते, विशेषतः गोडाची, आणि तुम्ही गुळाच्या ढिगात बसून काम करता. महिन्यातून एकदा काट्यावर उभ्या राहा. दोन महिन्यांत दोन-तीन किलो चढलं तर गप्प राहून गोळी सोडण्यापेक्षा डॉक्टरांना सांगा, दुसरे मार्ग आहेत. सवय लागत नाही. दारू-तंबाखूसारखी तलफ येत नाही, मात्रा वाढवत न्यावीशी वाटत नाही. पण काही महिने घेतलेली गोळी एका रात्रीत बंद केली तर मळमळ, झोपमोड, चिडचिड आणि डोकेदुखी होऊ शकते. म्हणून ती सोडताना पायरी-पायरीनं सोडतात. बायका या त्रासालाच सवय समजतात आणि मैत्रिणींना तसं सांगतात.

किती दिवस घ्यायची? योग्य मात्रेवर आल्यावर निदान सहा ते आठ आठवडे दिल्याशिवाय चांगली-वाईट काही ठरवू नका. जमली, तर सहा महिने ते वर्षभर घेऊन मग हळूहळू कमी करून बघतात. "जमली" म्हणजे काय, तेही ठरवून घ्या. डोकं कायमचं थांबेल ही अपेक्षा ठेवलीत तर निराश व्हाल. आठ-नऊ दिवसांचे चार झाले, ठणका कमी झाला, मेडिकलची गोळी लवकर लागू पडायला लागली, तर या रोगात त्याला यश म्हणतात. त्यासाठी मोजायला हवं. यार्डातल्या किर्दीइतकी मोठी वही नको, घरातल्या कॅलेंडरवर पुरे. डोकं दुखलं त्या तारखेला एक फुली, गोळी घेतली तर फुलीभोवती गोल, पाळी आली तर एक टिंब. दीड महिन्यानं जाताना ती पानं घेऊन जा. नुसतं "बरं वाटतंय" किंवा "काही फरक नाही" एवढ्यावर मात्रा ठरवणं आम्हाला फार अवघड जातं.

आता त्या गोलांबद्दल. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट अमिट्रिप्टिलिन नाही, मेडिकलची गोळी आहे. महिन्यातून दहा-बारा दिवस! डोकेदुखीच्या त्या गोळीत बहुतेक वेळा दोन-तीन औषधं एकत्र असतात, कॅफिनही असतं. अशी मिश्र गोळी महिन्यातले दहा किंवा जास्त दिवस, तीन महिन्यांहून अधिक काळ घेतली, तर ती गोळीच डोकेदुखी निर्माण करायला लागते. साध्या पॅरासिटामॉलसाठी ही मर्यादा पंधरा दिवसांची. म्हणजे गेल्या दोन वर्षांत तुमची अर्धशिशी "वाढली" त्यातला एक वाटा या गोळीचाच असू शकतो. घरातल्या कुणालाही या गोळीची भीती वाटली नाही, मेडिकलवाल्यानंही कधी हटकलं नाही. खरं तर हटकायचं तिथे होतं. ती गोळी कमी करताना पहिले एक-दोन आठवडे डोकं जास्तच उठेल, हे माहीत असू द्या, आणि हे डॉक्टरांना सांगूनच करा. झटका आल्यावर काय घ्यायचं तेही त्यांच्याकडून लिहून घ्या. अर्धशिशीच्या झटक्यासाठी ट्रिप्टान नावाच्या गटातल्या वेगळ्या गोळ्या असतात. ठणका सुरू होताच घ्यायच्या, सहन करून करून शेवटी नाही. एस्सिटालोप्रामसारख्या नव्या गटांतल्या डिप्रेशनच्या गोळ्यांबरोबर त्या घेतल्यास सेरोटोनिन फार वाढेल असा इशारा २००६ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं दिला होता. प्रत्यक्षात तसं घडणं अत्यंत विरळ आहे, आणि अमिट्रिप्टिलिन व ट्रिप्टान सोबत सर्रास दिल्या जातात. तरी दोन्ही गोळ्या तुमच्या डॉक्टरांच्या माहितीत असू द्या.

मिसळीचं काय? ज्याच्या-त्याच्या तोंडी पथ्याची यादी असते, आणि ती सगळी पाळली तर कोल्हापुरात राहायचं कशाला असा प्रश्न पडतो. तिखटानं अर्धशिशी होते असं सरसकट म्हणायला आधार नाही. तुमच्या कॅलेंडरवर रस्सा खाल्ल्यानंतर दर वेळी फुली पडत असेल तर सोडा, नाही तर मजेत खा. मला संशय आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. हंगामात सौदे सुरू झाले की यार्डातली माणसं दुपारी तीनला जेवतात, हे मला माझ्या पेशंटकडून ठाऊक आहे. त्यात नवरात्राचे नऊ उपवास, संकष्टी, मंगळवार. पोट रिकामं राहणं हे अर्धशिशीला मिळणारं सगळ्यात हुकमी आमंत्रण. देवीचं करायचं तर करा, पण निरंकार नको. दर तीन-चार तासांनी फराळाचं काही पोटात जाऊ द्या आणि पाणी प्या. रविवारी दहापर्यंत झोपणंही तितकंच वाईट, झोपेची वेळ रोज सारखी हवी. सासूबाईंनी सुंठेचा लेप सुचवला तर तो लावायला माझी हरकत नाही. कपाळाला ऊब वाटते आणि त्यांनाही आपलं ऐकलं असं वाटतं.

सासूबाईंना ही गोळी "नसांची आणि झोपेची, डोकं उठू नये म्हणून" एवढं सांगितलंत तरी ते खरंच आहे. मिस्टरांना मात्र पूर्ण सांगा, किंवा पुढच्या वेळी दवाखान्यात सोबत न्या.

पण ताई, त्यांच्या त्या वाक्यावर मला थोडं थांबायचंय. "तुला कसलं डिप्रेशन? घरात काय कमी आहे?" मी वर सांगितलं की तुमची गोळी डोक्यासाठी आहे, आणि ते वाचून तुम्हाला हायसं वाटलं असेल. त्या हायसं वाटण्यात जाऊबाईंना खाली ढकलू नका. डिप्रेशन घरात काय कमी आहे यावर ठरत नाही, जसा तुमचा दमा घरातल्या चांदीच्या भांड्यांवर ठरत नाही. आणि अर्धशिशीच्या माणसांमध्ये डिप्रेशनचं प्रमाण इतरांच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त आढळतं. महिन्यातले आठ दिवस अंधाऱ्या खोलीत काढणाऱ्या बाईला उदास वाटलं तर त्यात नवल नाही. तुमच्या पत्रात मला तसं काही दिसलं नाही, पण पत्रात सगळं लिहिलं जातंच असं नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, रडू येत असेल, पहाटे तीनला जाग येऊन परत झोप लागत नसेल, तर हे डॉक्टरांना वेगळं सांगा. कारण १० मिलिग्रॅमनं डोक्याला उतार पडला तरी मनाला पडणार नाही. डिप्रेशनची गोळी चालू आहे म्हणजे त्याचंही झालं, असं समजून गप्प बसाल तर फसगत होईल. त्याला वेगळी मात्रा, वेगळं औषध किंवा समुपदेशन लागतं. जगणं नको असं एकदाही मनात आलं, तर दीड महिन्याची वाट बघायची नाही. त्याच दिवशी डॉक्टर, किंवा सरकारचा टेलिमानस हा मोफत फोन, १४४१६. मराठीत बोलता येतं. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींना या गटातलं कुठलंही औषध सुरू केलं की पहिले काही आठवडे घरच्यांनी जास्त लक्ष ठेवायचं असतं, हे तुम्हाला लागू नाही, पण वाचणाऱ्या एखाद्या आईला लागू असेल.

डोकं उठण्याआधी तुम्हाला चमकत्या रेषा दिसत असतील आणि तुम्ही गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल, तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी अशा बायकांमध्ये पक्षाघाताचा धोका वाढतो.

आणि काही डोकेदुख्या अर्धशिशीच्या नसतात. क्षणात, आयुष्यात कधी नव्हे एवढी जोरात आलेली. तापाबरोबर मान ताठ झालेली. बोलताना जीभ अडखळायला लागलेली, एका बाजूचा हात-पाय लुळा पडलेला, एका डोळ्यानं दिसेनासं झालेलं. बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत नव्यानं सुरू झालेली, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच आलेली. यांतलं काहीही झालं, तर कॅलेंडरवर फुली मारत बसू नका आणि माझ्या उत्तराची वाटही बघू नका. कुणाला तरी सोबत घेऊन थेट आपल्या सीपीआर या सरकारी हॉस्पिटलचा अपघात विभाग किंवा जवळचं मोठं हॉस्पिटल गाठा, आणि जाताना अमिट्रिप्टिलिनची पट्टी सोबत न्या, म्हणजे काय चालू आहे ते तिथल्या डॉक्टरांना विचारत बसावं लागणार नाही.